एकबारी रायफल आणि दोन आवाज

हेमलॉक रन, पेनसिल्व्हेनिया
शनिवार, ९ नोव्हेंबर १९९६

प्रिय वेंडेल,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघून डोरीनने ते माझ्यासमोर ठेवलं आणि ती आत निघून गेली. अकरा वर्षांनी आलेलं पत्र, आणि आत सगळ्या मिळून आठ ओळी. असो. आम्ही ठीक आहोत. बाबांना आता एक्याऐंशी झाली, गुडघे कुरकुरतात, पण सकाळची धिरडी अजून स्वतःच भाजतात आणि आम्हाला तव्याला हात लावू देत नाहीत. हार्लन काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता त्यांना सगळं स्वच्छ दिसतं आणि ते सगळ्यांना नावं ठेवतात.

तू विचारलंस की तुझ्या लेकीला, मार्सीला शिकारीला जायचंय, पगार बेताचा आहे, तर तिने मधून मोडून एकेक काडतूस भरायची ती स्वस्तातली एकबारी रायफल घ्यावी का. वीस वर्षं बंदुकांच्या काउंटरमागे उभा आहे, तेव्हा एवढं तरी नीट सांगू शकेन.

चांगल्या गोष्टी आधी सांगतो. नवीकोरी सव्वाशे डॉलरच्या आत मिळते. लांबीला आखूड, वजनाला हलकी. दाट झाडीत अडकत नाही आणि दिवसभर खांद्यावर असली तरी जाणवत नाही. आत बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. मार्सी डावखुरी ना? लहानपणी चमचा डाव्या हातात धरायची ते आठवतं. तिला तर ही उत्तमच, कारण हिला डावं-उजवं काही नाही. कुंपण ओलांडताना नळी मोडली की आत काडतूस आहे की नाही ते सोबतच्यालाही दिसतं. नव्या माणसाच्या हातात द्यायला याहून निर्धास्त हत्यार माझ्या दुकानात नाही.

आता वाईट. हलकी म्हणून धक्का जबर देते. पहिल्या दिवशी मार्सीचा खांदा काळानिळा होईल, तिला आधीच सांगून ठेव. चाप कडक असतो. पुढच्या लाकडाचा स्क्रू सैल झाला की नेम भरकटतो, आणि लोक माझ्याकडे येऊन दुर्बिणीला शिव्या देतात. सगळ्यात जपायचं ते घोड्याला. हरीण आलं म्हणून घोडा चढवला आणि ते निघून गेलं, तर तो अंगठ्याने धरून हळूच उतरवावा लागतो. थंडीने बोटं बधिर झाली की अंगठा सटकतो. तेव्हा नळी कायम जमिनीकडे. घरी रिकाम्या रायफलवर, हातमोजे घालून, तिच्याकडून शंभरदा करून घे.

आणि दुसरी गोळी. गिऱ्हाईक हटकून विचारतं, दुसरी गोळी किती वेळात भरता येते? मी सांगतो, सराव असला तर सात-आठ सेकंदात. शिवाय एकच गोळी असली की माणूस जपून मारतो, हेही वर सांगतो. सांगताना माझा चेहरा काउंटरवरच्या काचेत दिसतो. तो मला आवडत नाही.

काकांना घ्यायला जायचंय. उरलेलं नंतर लिहितो.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

दुकानात दुपारची सामसूम आहे. वरचं पुन्हा वाचलं. डोरीनने खांद्यावरून डोकावून विचारलं, "भावाला लिहितोयस की कॅटलॉग छापतोयस?" तिचं खरं आहे.

तुझ्या पत्रातल्या सात ओळी रायफलच्या आहेत आणि एक मार्सीची. ती विचारते, आपलीच माणसं तिकडे दर वर्षी डोंगरावर जातात, मग आपण का जात नाही? तू लिहितोस की काहीतरी सांगून वेळ मारून नेतोस. वेंड, रायफलचं तर तुमच्या टोलेडोतलं कुठलंही दुकान सांगेल. तू मला काय विचारतोयस ते मला कळलं.

हरणांच्या शिकारीचा पहिला सोमवार यंदाही, पंच्याऐंशीसारखा, दोन डिसेंबरलाच आलाय.

त्या दिवशी तू ओढ्याच्या वळणावर होतास, मी वर फुटक्या खडकापाशी. बाबांनी एकाच आठवड्यात घेऊन दिलेल्या सारख्याच दोन रायफली. सव्वादहाला तुझा बार झाला आणि हुकला. नर हरीण उसळून चढावाने सरळ माझ्याकडे आलं. मी घाईने मारलं. गोळी लागल्याचा आवाज आला, तो पाठीत वाकला आणि झाडीत शिरला. पोटात लागली होती. पाठीत वाकलं की पोटात लागली, हे बाबांनी आपल्याला दहा-बारा वर्षांचे असताना शिकवलंय.

मी नळी मोडली. दुसरं काडतूस बोटांतून निसटून बर्फात पडलं. ते शोधत बसलो. मग साठेक पावलं गेलो. रक्त होतं. बर्फ जोरात सुरू झाला, झाडी दाट होती, मला भूक लागली होती. एवढीच कारणं. याहून मोठं काही नव्हतं. वाटलं, जेवताना सांगू आणि सगळे मिळून शोधू.

डोंगरावरच्या आपल्या केबिनवर आलो तर तुझ्याभोवती हसाहशी चाललेली. नेम चुकला म्हणून रिवाजाप्रमाणे काकांनी तुझ्या शर्टाचा मागचा लोंबता भाग कात्रीने कापला होता, त्यावर तुझं नाव आणि तारीख घातली होती आणि तो भिंतीवर, बाबांच्या जुन्या तुकड्याशेजारी, खिळ्याला अडकवला होता. बाबा तुला चिडवत होते, "दोन बार काढलेस आणि हरणाचा एक केस नाही?" तू म्हणालास, मी एकच काढला. सगळे आणखी हसले. त्या हसण्यात मला सांगता आलं असतं.

बुधवारी बाबांना तो नर ओढ्याकाठी सापडला. कावळे बसले होते. आपल्या घरात हुकणाऱ्याला हसतात. जखमी करून सोडून देणाऱ्याला कुणी हसत नाही. बाबांनी तुला पुन्हा विचारलं, या वेळी चिडवत नव्हते. तू उडालेल्या काडतुसाची एक रिकामी पुंगळी टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, "एवढीच माझी." बाबा म्हणाले, दुसरी बर्फात पडली असेल. मग माझ्याकडे वळले.

"लॉरेन, तू बार काढलास?"

"नाही."

तुझ्या पुंगळीसारखीच एक माझ्या खिशात होती. मी ती मुठीत धरली होती. तू माझ्याकडे बघितलंस. दुसरा आवाज तुझ्या डोक्यावरून, माझ्या खडकापासून आला होता, हे तुला माहीत होतं. तू माझं नाव घेतलं नाहीस. मी सांगेन म्हणून वाट बघत होतास, हो ना? बाबांनी खिळ्यावरून तुझा तुकडा काढला, शेगडीत टाकला आणि म्हणाले, "ही भिंत प्रामाणिकपणे हुकणाऱ्यांची आहे." तू रायफल मांडणीवर ठेवलीस आणि उतारावरून गाडीकडे निघून गेलास. मी खिडकीतून बघत होतो.

त्यानंतर दर वर्षी मी त्या टेबलाशी बसून सगळ्यांबरोबर सॉसेज खाल्लेत. तुझ्या नावाचा खिळा रिकामाच आहे. कुणी तिथे टोपीसुद्धा अडकवत नाही.

तुझी माफी मागायला मला लाज वाटते, म्हणून आधी जे करायला हवं ते करतो. बाबांना सांगतो. मगच हे पत्र टपालात टाकेन.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

दोन दिवस टाळलं. काल दुपारी सांगितलं.

बाबा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. पुंगळी मी स्क्रूच्या डब्यात, सगळ्यात तळाशी ठेवली होती. ती त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, "पंच्याऐंशी सालातली आहे. माझी." त्यांनी ती उचलली, प्रकाशात धरली, तिच्या बुडावरची खूण बघितली. बटाटा हातातच राहिला. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी विचारलं, "त्याला माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

"आणि तो बोलला नाही."

"नाही."

ते उठले. ओट्याखालच्या खणातून कात्री काढली. मी पाठ वळवली आणि शर्ट पँटीतून बाहेर काढला. ते म्हणाले, "तुझा नाही. तू हुकला नव्हतास." मग कात्री माझ्या हातात दिली, माझ्याकडे पाठ केली, आणि तो निळ्या चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट, आईने शिवलेला शेवटचा, मागून ओढून बाहेर काढला. "काप. दोन्ही बार मी त्याच्याच नावावर मोजले होते. मी हुकलो."

मी कापलं, कापड तिरकं गेलं. त्यावर नाव आणि तारीख त्यांनी स्वतः घातली. तो तुकडा या पाकिटात आहे. मी म्हणालो, सोमवारी मीच नेऊन लावतो. तर म्हणाले, "वेंडेलला पाठव. खिळा कुठला ते त्याला माहीत आहे."

तेव्हा, एकबारी घ्यावी का? नवीन घेऊ नकोस. तुझी इथेच आहे. दर ऑक्टोबरमध्ये मी ती उतरवून, तेल देऊन पुसत आलोय. त्याने काही फिटत नाही, पण गंज चढलेला नाही. मार्सीला ती बरोबर होईल. फुटका खडक तिला द्या. तिथून दोन्ही बाजूंचं दिसतं आणि वारा कमी लागतो. तुम्ही यालच असं मी गृहीत धरत नाही. नाही आलात तर रायफल पार्सलने पाठवीन.

मी डोंगरावर नसेन. रात्री जेवताना बाबा एवढंच बोलले, "सोमवारी तू दुकान उघडं ठेव." आजोबांच्या काळापासून शिकारीच्या पहिल्या दिवशी आपलं दुकान कधी उघडलेलं नाही, तुला ठाऊकच आहे. दार उघडं दिसलं की रस्त्याने जाणारा प्रत्येक जण आत येणार आणि विचारणार, लॉरेन, तू इथे कसा? मी प्रत्येकाला सांगणार आहे. आधी काकांना, म्हणजे बाकीच्यांपर्यंत आपोआप पोचेल.

डोंगराचा रस्ता दुकानावरूनच जातो. रायफल काउंटरवर गुंडाळून ठेवलेली असेल, नळी मोडलेली आणि रिकामी. तू गाडीतून उतरला नाहीस तरी चालेल. मार्सीला आत पाठव. तिने विचारलं, तर तिलाही सांगेन.

दोन तारखेला सकाळी पाचपासून दुकान उघडं आहे.

तुझा भाऊ,
लॉरेन