मंजुरी होती, मशिनी नव्हत्या

अणदूर, सोमवार संध्याकाळ

आज मावशीनं आणि मी एकच चूक केली.

ती उमरग्याहून भंडाऱ्याची पिशवी घेऊन दर्शनाला आली, आणि खंडोबाची मूर्ती या दिवसांत इथून नळदुर्गच्या देवळात नेलेली! दरवर्षी नेतात, तरी विसरली. आई म्हणाली, "निघायच्या आधी फोन करून इचारायचं की, देव कुठं हाय!" मावशी म्हणते, "देऊळ हाय म्हटल्यावर देव असंलच की."

मला हसू आलं नाही. क्लाउड कंपनीकडून भाड्यानं मशिनी, म्हणजे सर्व्हर, घ्यायची मंजुरी आहे, म्हणून तिच्या मुंबईच्या सेंटरवर त्या शिल्लक आहेत का, हे न बघताच मी साहेबांना 'तयारी झाली' कळवलं होतं. उद्या सकाळी ग्राहकाची साइट सुरू व्हायची. पहिल्यांदाच एकटीवर सोपवलेलं काम. आणि दुपारी बघते तर तिथं एकही मशीन मोकळी नाही. मंजुरी म्हणजे नुसतं देऊळच की!

मावशी पिशवी घेऊन तशीच नळदुर्गच्या गाडीत बसली. तिला बघून मीही उठले. हैदराबादच्या सेंटरवर, या वेळी आधी शिल्लक तपासली. होती! लगेच राखून ठेवली. साहेब चिडले, पण हैदराबादला हो म्हणाले.

आत्ता मावशीचा फोन. "भेटला गं देव. पिशवी रिकामी झाली."

"मलापण भेटला," मी म्हणाले.

कुठं, ते तिनं याही वेळी विचारलं नाही.