बावीस हजार एकवीस

३ नोव्हें., सोम.
आमच्या बंजारा तांड्याचे नायककाका मारेगावला घरी येऊन गेले. रविवारी तांड्यावर माझा सत्कार ठरला आहे; मला विचारून नव्हे, कळवून. फलकाचा मजकूरही तयार : 'जगातले सर्वात मोठे गणित सोडविल्याबद्दल'. मी म्हटले, सर्वात मोठे नव्हे, आणि माझ्या लेखावर परीक्षकांचा अभिप्राय आल्याखेरीज 'सोडविले' म्हणता येत नाही.
"मंग काय लिहू? सांग."
सांगितले : तिनाने भाग जाणारी विषम परिपूर्ण संख्या असू शकत नाही, हे सिद्ध केल्याबद्दल.
"येवढं बॅनरवर बसत नाही पोरी. अन् 'नाही' म्हटल्याबद्दल हार कोण घालते?"
त्यांना सहा समजावून दिला. स्वतः सहा सोडला, तर एक, दोन, तीन यांनी सहाला भाग जातो. त्यांची बेरीज पुन्हा सहा. म्हणून परिपूर्ण. अठ्ठावीसही तसाच. आजवर सापडलेल्या साऱ्या सम. विषम कोणाला सापडली नाही, आणि ती नसतेच असेही कोणी दाखविलेले नाही.
"तू दाखवलं ना."
तिनापुरते, मी म्हटले. म्हणताना सुख वाटले, हे नोंदवून ठेवते.

५ नोव्हें., बुध.
तृतीय वर्षाला माझा नेहमीचा नियम शिकविला : सिद्धतेतील एकेक गृहीतक हाताने झाकावे आणि पुढे वाचावे. झाकूनही ती कुठेच अडली नाही, तर संशय घ्यावा. वर्ग जांभया देत होता. या मुलांकडून याहून अधिक अपेक्षा मी केव्हाच सोडली आहे.
दुपारी घरी आल्यावर सहज, केवळ सहज, तोच हात स्वतःच्या लेखावर ठेवला. पृष्ठ नऊ. विषम परिपूर्ण संख्या असेल तर तिच्यात एक विशेष अवयव असतो आणि तो मूळ असतो. म्हणजे एक आणि तो स्वतः याखेरीज त्याला विभाजक नाही. 'मूळ' हा शब्द झाकला.
पृष्ठ नऊ चालले. दहा चालले. शेवटच्या ओळीपर्यंत सगळे विनातक्रार चालले.

६ नोव्हें., गुरु.
कित्येक शतकांपूर्वी एका फ्रेंच पंडिताने नोंदविलेली संख्या मी दरवर्षी गंमत म्हणून फळ्यावर मांडते. तीन, सात, अकरा, तेरा यांच्या वर्गांचा गुणाकार, आणि त्याला गुणिले बावीस हजार एकवीस. बा.ह.ए. मूळ आहे असे मानून विभाजकांची बेरीज करावी, की ही संख्या विषम असूनही परिपूर्ण ठरते. पण ते मूळ नाही. एकोणीस गुणिले एकोणीस गुणिले एकसष्ट. म्हणून ती तोतया.
'मूळ' शब्द झाकल्यावर माझी सिद्धता असे सांगते की, असा तोतयादेखील असू शकत नाही. आणि तो तर आहे. त्याला तिनाने भागही जातो. मीच त्याला वर्षानुवर्षे हसत हसत फळ्यावर लिहीत आले. तेव्हा सिद्धता

याडीने विचारले, जेवत काहून नाही. आईपासून लपविण्याइतके त्राण नव्हते. चूक झाली, म्हटले.
"कोणाले समजली?"
मला.
"अखीन?"
कोणालाच नाही.
"मंग जेव."

७ नोव्हें., शुक्र.
महाविद्यालयात गेले नाही. पृष्ठ नऊवर 'मूळ' खरोखर वापरता येईल अशी एक जागा सकाळी सापडली. दुपारपर्यंत तीही गेली. दुसरी वाट तर पहिल्याच ओळीत बुडाली. नागपूरचे पद नाकारले ते याच कामासाठी. इतरांच्या प्रबंधांवर मी 'अपुरे' असा शेरा लिहिते. हा लेख त्या शेऱ्यालाही पात्र नाही. अपुऱ्यात पुरे होण्याची आशा असते.
काकांना फोन : सत्कार रद्द करा. "मंडप टाकून झाला पोरी. मुकुटबनवरून पाहुणे येऊन राह्यले म्हन."
या जिल्ह्यात माझी चूक दाखवू शकेल असे कोणी नाही. याचा मला अभिमान वाटत असे.

९ नोव्हें., रवि.
तांडा. कापूस वेचून परतलेल्या बाया, डोक्यावर ओढण्या, पुढच्या रांगेत याडी. फलकावर 'सर्वात मोठे' तसेच. ध्वनिक्षेपक हाती येताच सांगितले : माझी सिद्धता चुकली आहे, हा मान मी घेऊ शकत नाही.
मग काका उठले. "पाहा बाप्पा. येवढी शिकली, पन जराक गर्व नाही." टाळ्या.
मी तेच पुन्हा गोर बोलीत सांगितले, मोठ्याने, एकेक शब्द तोडून. तेव्हा तर टाळ्या थांबेनात. एवढी शिकून आपल्या बोलीत बोलते म्हणून. शाल खांद्यावर आली. मी ती काढली. काकांनी पुन्हा घातली.
परतताना ऑटोत याडीला विचारले, तुला तर ठाऊक होते, टाळ्या काहून वाजविल्या?
"सारे वाजवून राह्यले होते. तुही माय असून मी एकलीच हात बांधून बसू काय?"
मग, ऑटोतून उतरताना : "खरंच गेलं का व सारं?"
मी शाल काढून तिची घडी घातली.

११ नोव्हें., मंगळ.
संपादकांचा ईमेल. दोन्ही परीक्षकांची लेख स्वीकारण्याची शिफारस आहे. दुरुस्ती एकच : पृष्ठ नऊवर 'मूळ' या शब्दानंतर स्वल्पविराम हवा.
दोघांनीही त्या शब्दावर बोट ठेवले. उचलून पाहिले नाही.
लेख मागे घेत असल्याचे एक वाक्य लिहिले. व्याकरण निर्दोष आहे. पाठविण्यापूर्वी पृष्ठ नऊ पुन्हा समोर घेतले, एकदाच, आणि तो शब्द झाकला. एखादी ओळ तरी अडेल.
याडी स्वयंपाकघरातून म्हणते, भाकर थंडी होऊन राह्यली.
तिसरी ओळ चालली. चौथी. डावा हात अजून कागदावरच आहे.