टँकरच्या गटातली शांतता

१० मे, शनिवार

दहा मे म्हणजे मातृदिन! उजाडल्यापासून फोन ठणाणा करतोय. शेजारची दोन्या चोले फोनवरच्या गटात चकाकते गुलाब पाठवते, आणि प्रत्येक गुलाबामागे सगळ्यांना टॅग करून अख्ख्या गल्लीला हाक! गट मी काढला तो टेकडीवर पाण्याचा टँकर आला की कळावं म्हणून. त्यात पाणी सोडून बाकी सगळं वाहतं. आज शॅम्पू लावलेली बाई खुर्चीत सोडून पायऱ्यांपर्यंत धावले. टँकर कुठला! दॉन गुमारोच्या पोपटाचा फोटो.

११ मे

चोलेला गोडीत सांगितलं. म्हणाली, "अगं ओब्दुलिया, आशीर्वाद कुणाला जड होतो का?" मग माझं म्हणणं तिने सगळ्यांना हाक मारून कळवलं. त्यावर गल्लीभरचे अंगठे. प्रत्येक अंगठ्याला टिंग!

१२ मे

केलं एकदाचं! आता गटात फक्त मी लिहिणार. टँकर दिसला की मला फोन करायचा, पुढचं मी बघते.

१३ मे

शांतता. लोकांना शिस्त लागते, लावणारं कुणी हवं.

१४ मे

कुणाची तक्रार नाही. उलट सगळे गोड हसतात. चोलेने तर मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले आणून दिले. बाई वठणीवर आली म्हणायची.

शनिवारी गल्लीतल्या यारेत्सीला पंधरावं लागतंय. मुलीचं पंधरावं म्हणजे आमच्याकडे लग्नासारखा सोहळा. तिचे, तिच्या आईचे, आत्यांचे, नाचणाऱ्या मैत्रिणींचे केस माझ्याच पार्लरमध्ये. वर्षातलं सगळ्यात मोठं काम! पिंप मात्र तळाला गेलंय. टँकर येईलच.

१५ मे

आज सान इसिद्रो, पावसाचा संत. एरवी फोन फुटला असता! गट गप्प. टँकरही नाही. यारेत्सीची आई विचारून गेली, पाणी आहे ना, नाहीतर खालच्या पार्लरवालीला सांगते. आहे म्हटलं. खोटं बोलले. पालिकेला मनसोक्त शिव्या घातल्या.

१६ मे

बाहेर आले तर दॉन गुमारो पोपटाचा पिंजरा धुतोय. बादलीभर पाण्याने! दारोदार पिंपं काठोकाठ. टँकर काल दुपारीच येऊन गेला. दारात माणूस नसलं की चालक पाइप पुढच्या दारी नेतो. मी आत केस वाळवायचं यंत्र लावून बसलेली.

मला फोन? प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने केला असेल. आणि यांना कसं कळलं? चोलेने फोन दाखवला. नवा गट, सोमवारपासूनचा. गुलाब, संत, पोपट, टँकर, सगळं आहे. गल्लीतलं एकूण एक माणूस आहे. मी सोडून.

"तुला आवाजाचा त्रास होतो ना पोरी," ती म्हणाली. "म्हटलं, कशाला हिला छळा."

टोमणा असता तर दुप्पट परतवला असता. पण बाई मनापासून बोलत होती. घरी येऊन रडले. उद्या कशाने धुऊ केस?

१७ मे, शनिवार

सकाळी दारात बादल्यांची रांग! चोलेने सगळ्यांना हाक मारली होती. पिंप भरलं. प्रत्येक बादलीबरोबर एकेक सल्लाही फुकट मिळाला. मान खाली घालून चोलेला म्हटलं, मलाही घ्या गटात.

"सगळ्यांना विचारून सांगते," म्हणाली.