लाल गोलातले ‘दे’

मंगळवार, नोव्हेंबर २००९

...डबा भरला, शर्टाला इस्त्री केली, आणि ह्यांची हमरियातल्या कंपनीची बस चुकू नये म्हणून चहा बशीत ओतून दिला. कॉलेजच्या इंग्रजी निबंधात हीच सकाळ लिहिली होती. आज तो परत आला. प्रत्येक ‘दे’भोवती लाल गोल, शेजारी बाईंचा प्रश्न: हे लोक कोण?

लोक कुठले? एकटे हेच. मराठीत आदरानं ‘ते’ म्हणते, तसंच इंग्रजीत उतरलं.

मुक्ता हसली. “आई, इट्स जस्ट ग्रॅमर. बाबांना ‘ही’ लिही. अँड नॉट ‘आर’, ‘वॉज’.”

पण ‘ही’ तर मी. हे मित्रांना फोनवर सांगायचे, “ठेवतो रे, ही जेवायला बोलावतेय.”

मंदीत ह्यांची नोकरी गेली, दोन महिन्यांत हेही कायमचे गेले. तरी ‘दे आर’ लिहिताना हातातला शर्ट गरम लागत होता. ‘वॉज’ लिहिलं की तो गार होईल? निबंध उद्या सुधारून दिला नाही तर नापास.

बुधवार

रात्री बसून सगळीकडे ‘ही वॉज’ केलं आणि निबंध देऊन आले. या वहीत मात्र अजून ‘हे’च.