येते म्हणू नका

४ एप्रिल २०१६, सोमवार
सकाळच्या गाडीने नागपूरहून गोंदियाला उतरले आणि दुपारी कामावर रुजूही झाले. ऑफिस बरं आहे. धान्याच्या दुकानावरची एक खोली, कूलर, खिडकीपाशी माझं टेबल. आई गेल्यापासून मला कशाचंच फारसं काही वाटत नाही, पण खुर्चीवर कुणीतरी शिवलेली फुलांची उशी होती, ती पाहून छान वाटलं.

देवरीकडच्या बाया मोहफुलं वेचायला जंगलात जातात. कोण कुठे आहे ते नकाशावर ठिपक्याने दिसावं, असं ॲप इथे बनतं. बायांकडे अँड्रॉइड, ॲप बनवून घेणाऱ्या संस्थेच्या साहेबांकडे आयफोन, ॲप मात्र एकच. ते तपासायचं काम माझं. मालक भूपेंद्रजी म्हणाले, "एक बार लिखो, दो बार रोओ."

निघताना सवयीने "येते" म्हटलं. झाडू मारणाऱ्या सुशिलाबाई थांबल्या. "येते कायले म्हणता मॅडम? जाते म्हणा."

इथली बोली रोखठोक असते, हे ऐकून होते. हसले.

६ एप्रिल
दोन्ही फोन ठिकाण आपापल्या पद्धतीने सांगतात, म्हणून काही चाचण्या फक्त अँड्रॉइडच्या, काही फक्त आयफोनच्या. दुसऱ्या फोनवर ती चाचणी वगळली जाते. पास झाली की ओळ हिरवी, नापास लाल, वगळली की पिवळी. एकीकडे पिवळी असलेली ओळ दुसरीकडे हिरवी दिसायलाच हवी.

एकच ओळ दोन्हींवर पिवळी आहे. नाव, 'दुर्पता पोचली'. तिला अट लावली आहे: अँड्रॉइड नसेल आणि आयफोनही नसेल, तरच चालव. अशी अट कुठे पूर्ण होणार?

भूपेंद्रजींना विचारलं. त्यांनी मान वर केली नाही. "रहने दो. पिवळी आहे ना, लाल तर नाही."

७ एप्रिल
दुर्पता माझ्या आधी या टेबलावर होती. सुशिलाबाईंनी चहा देताना सांगितलं. चिचगडची पोर. ॲपमधली बटणं तिनेच लिहिली होती. घरातून निघताना माणूस म्हणतो तसं, जंगलात शिरताना दाबायच्या बटणावर तिने लिहिलं, 'येते'.

गेल्या मोहाच्या दिवसांत ती स्वतः दोन्ही फोन घेऊन तपासायला गेली. बटण दाबलं. इथे वाचणाऱ्यांना वाटलं, परत निघाली. "सारे म्हणून राहिले, येऊन राहिली, येऊन राहिली." तीन दिवस कुणी शोधायला गेलं नाही. मग दोन्ही फोन सापडले. ती नाही.

ती परत पोचली की हिरवी व्हावी, अशी चाचणी तिनेच जाण्याआधी लिहिली होती; ती रोज लाल दिसायची. भूपेंद्रजींना ती पुसवेना, बघवेना. त्यांनी अट लावली.

११ एप्रिल
अट काढली. न होणारी अट लावणं म्हणजे खोटंच. वाट तरी बघावी कुणीतरी तिची.

चाचणी लाल झाली नाही. 'चालू' असं दाखवते आहे. अहवालात अँड्रॉइड आणि आयफोनच्या रकान्यांशेजारी तिसरा रकाना आला आहे. त्याला नाव नाही.

१२ एप्रिल
नकाशावर दुर्पताचा ठिपका, चिचगडला. खाली अक्षरं: येऊन राहिली. तपासायचे दोन्ही फोन तर बंद करून कपाटात ठेवले आहेत.

भूपेंद्रजींनी पडदा पाहिला, स्कूटर काढली, घरी गेले. फोन उचलत नाहीत.

१३ एप्रिल
ठिपका देवरीला.
चाचणी शेवटपर्यंत वाचली. फोन दोन असले तरी माणूस एक, म्हणून या टेबलापाशी एकच ठिपका दिसला की ती पास. एकच.
माझ्या स्वतःच्या फोनातही ॲप आहे; या टेबलापाशी माझाही ठिपका आहे.

१४ एप्रिल
सुट्टी. रस्त्यावर निळे झेंडे, मिरवणूक. लॉजच्या खोलीतून नकाशा उघडला. ती आमगावला. मी अजून ऑफिसातच दिसते आहे, टेबलापाशी.
भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

१५ एप्रिल
अट परत लावली. दोन्ही रकाने पिवळे झाले. तिसरा चालूच. बरोबरच आहे — तिच्याकडे अँड्रॉइड नाही, आयफोनही नाही — अट तिथे पूर्ण होते —
ठिपका गोंदियात.

१६ एप्रिल, दुपार
सुशिलाबाईंना सगळं सांगितलं. त्या उशीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, तिनंच शिवली होती. मग म्हणाल्या, जाते. गेल्या.

मीही उठले. दाराशी तोंडातून निघून गेलं — येते.
परत खुर्चीत आहे. कशी बसले, आठवत नाही.

ठिपका जिन्याशी. पाय वाजत नाहीत.

टेबलापाशी दोन ठिपके — उशी एका बाजूने दबली — मोहाचा वास — माझा फिकट होतो आहे — दुखत नाही काहीच —
ओळ हिरवी
दुर्पता पोचली
खाली नवी ओळ, पिवळी, माझं नाव, आणि पुढे