गॅलियमची रिकामी चौकट

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी इथे ओमानात, सीबमध्ये बसून माझी चूक तुमच्या माथी मारून मोकळा झालोय.

नववीत तुम्ही आम्हाला जुन्या लग्नपत्रिका कापून आणायला लावल्या होत्यात. मागच्या कोऱ्या बाजूला एकेका मूलद्रव्याचं नाव, अणुभार, गुणधर्म लिहायचे आणि वर्गाच्या फरशीवर रांगा लावायच्या. भाराने क्रम जुळायचा, पण मध्येच एखादं पान गुणांनी त्या रांगेत बसायचं नाही. "पुढे सरकव, जागा सोड," तुम्ही म्हणायचात. "त्या रशियन माणसाने हेच केलं. जे सापडलंच नव्हतं, त्याचीही जागा राखली." वर्गाच्या भिंतीवर तुम्ही लावलेल्या त्याच्या सुरुवातीच्या तक्त्यात म्हणूनच दोन चौकटी कोऱ्या होत्या. तपासणीच्या सकाळी साहेबांना तो अर्धवट वाटेल म्हणून मी अतिशहाणपणा केला. गाइडमध्ये बघून गॅलियम आणि जर्मेनियम भरून टाकलं. साहेब तक्त्यापुढे थांबतात. "मास्तर, हा सुरुवातीचा तक्ता ना? मग तेव्हा न सापडलेलं गॅलियम यात कसं?" तुम्ही अक्षर बघता, मग माझ्याकडे बघता. "चूक माझी, साहेब. मी नजर टाकायला हवी होती." शेरा तुमच्या नावावर लागला. मी खाली वाकून चप्पल शोधत राहिलो. नंतर तुम्ही एका शब्दानेही विचारलं नाहीत. कान पिळला असतात तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात माझी मुलगी शाळेच्या प्रदर्शनासाठी तोच तक्ता करत होती. "बाबा, हे दोन बॉक्स एम्प्टीच ठेवायचेत, मिस म्हणाल्या." मला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे. म्हटलं, "आमच्या सरांनी ते भरून ठेवले होते. साहेबांसमोर फजिती झाली त्यांची."

"सो केअरलेस!" ती हसली. मीही हसलो. प्रदर्शनात तिने तोच किस्सा माइकवर सांगितला. सगळे पालक हसले आणि सर, मी टाळ्या वाजवल्या. परतताना गाडीत तिने विचारलं, "तुमचे सर फनी होते ना?" मी हो म्हणालो. स्वतःची इतकी लाज मला त्या तपासणीच्या दिवशीही वाटली नव्हती.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून तर एवढं धीटपणे लिहितोय. ती शेजारच्या खोलीत अभ्यास करतेय, दार उघडं आहे. तिला मी अजून काहीही सांगितलेलं नाही.