झाकणाचे दोन ठोके

मोहोपाडा,
५ ऑगस्ट २०२४

ती. स्व. अंबाआत्यास नम्रताचा शि. सा. न. वि. वि.

तू म्हणशील, फोन असताना ही पोरगी कागद कशाला काळे करते! पण फोन केला की अण्णा स्पीकर लावतात आणि सगळं घर माझ्या जेवणाची चौकशी करत बसतं. म्हणून हे पत्र येसाजीकाकांच्या दुधाच्या टेंपोतून.

मी मजेत आहे. दिवसभर फिनेलच्या बाटल्यांना झाकणं लावते, रात्री स्वप्नातही लावते. आमच्या टेबलाच्या पलीकडून टेंपो जाईल एवढी वाट आहे, पण सुपरवायझर नीलेश सरांना टेबल आणि भिंतीमधली आमचीच बोळ प्रिय! ते येताना दिसले की टोकाची जिजा झाकण टेबलावर दोनदा आपटते. लगेच आम्ही पाचही जणी पाठ भिंतीला लावून उभ्या. कवायतच! शाळेत पीटीला इतकी शिस्त असती तर बक्षीस मिळालं असतं.

अण्णांना यातलं काही सांगू नकोस हं, नाहीतर उद्याच घरी बसवतील.

लोभ आहेच, जरा तांदळाच्या पापड्याही असू देत.

तुझी नम्रता

कडाव,
११ ऑगस्ट

चि. नम्रतास अंबाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर वाचता वाचता माझा चष्मा दमला. नोकरीच्या पहिल्या पगारात साडी नाय आणलीस ती नाय, निदान वळणदार लिही की!

कवायतीचं वाचून मी पोट धरून हसले. मग ताक घुसळायला बसले आणि हसूच थांबलं. अगं, पाठ भिंतीला कशापायी लावता? मागून जाताना तो काय करतो, ते तू लिहिलंच नायस. लिहू नकोस. मला कळलं.

तुझ्या जन्माआधी मी भाताच्या गिरणीत कामाला जायची. मुकादम सूप मागायच्या निमित्तानं मागं येऊन उभा राहायचा. मी कंबर धरली म्हणून सांगितलं आणि घरी बसले. कंबर ठणठणीत होती गं. हातात माझे पैसे यायचे, ते तेवढे गेले. तुझ्या अण्णाला, माझ्या भावाला पोपटला, आजवर ठाऊक नाय. पोपट अजून दर महिन्याला बाजारातून कमरेचं तेल आणतो, आणि मी गुपचूप बाटल्या कोनाड्यात ठेवते.

तू कंबर धरू नकोस. कंपनीत बायकांच्या तक्रारीची कमिटी असते म्हणतात. तिथं लेखी दे, अक्षर सुधारून दे. पोपटचं मी बघते.

आशीर्वाद आहेतच, पापड्या सोबत.

अंबाआत्या

मोहोपाडा,
१७ नोव्हेंबर

ती. स्व. आत्यास शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, रागावू नकोस. तक्रार दिली, पण तीनदा लिहूनही अक्षर पहिल्यापेक्षा वाईटच आलं.

कमिटीने एकेकीला आत बोलावलं. चौघींचंही एकच, की आम्ही काही पाहिलं नाही. जिजाचंसुद्धा! तिला दोन लेकरं आहेत गं, मी काय बोलणार? मी एकटीच खोटी ठरत होते. मग कमिटीतल्या बाहेरच्या संस्थेच्या बाई म्हणाल्या की जागा तरी दाखव. सगळे आमच्या टेबलापाशी आले, चौघी कामावरच होत्या. मी बोळ दाखवली, झाकणाचं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना, पटतंय की नाही. शेवटी चिडून मीच एक झाकण उचललं आणि टेबलावर दोनदा आपटलं.

आत्या, सर तिथे नव्हतेच. त्यांना महिनाभर रजेवर पाठवलं होतं. चौघींना हे माहीतही होतं. तरी चौघींच्या पाठी भिंतीला लागल्या.

बाई बघत राहिल्या. मग जिजा तिथेच खाली बसून रडायला लागली, आणि रडता रडता सगळं सांगितलं. मग बाकीच्यांनीही.

काल सरांना कामावरून काढलं. पण निकालाची प्रत घरच्या पत्त्यावर गेलीये. ती अण्णांच्या हाती पडली, तर माझी नोकरी गेलीच समज. हे सगळं केलं ते नोकरी टिकावी म्हणूनच ना गं? मला फार भीती वाटतेय.

लोभ ठेव, आणि शक्य झालं तर पोस्टमनला अडव.

नम्रता

कडाव,
२१ नोव्हेंबर

चि. नम्रतास अनेक आशीर्वाद.

पोस्टमन माझ्यापेक्षा चपळ निघाला. पोपट पाकीट नाचवत आला, पोरीची नोकरी बास, आता स्थळं बघतो म्हणून. मी त्याला ओट्यावर बसवलं आणि गिरणीचं सांगितलं.

तो उठला. मग कोनाड्याकडं गेला आणि बाटल्या बघत उभा राहिला. मुकादम कोण ते विचारलं. मी म्हटलं, तो कधीच मेला, आता कुणाशी भांडतोस! तर माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला गं तुझा बाप. उठल्यावर एवढंच म्हणाला, की नम्रता घरी बसणार नाय.

रविवारी तो तुला भेटायला येतोय. दोन दिवस उगाच मिशा पिळत हिंडतोय, तेव्हा हसू नकोस. त्याच्यासोबत तेलाच्या सगळ्या बाटल्या पाठवतेय. दिवसभर उभं राहून तुमच्या कमरा खरंच दुखत असतील, पाचही जणी लावा. जिजाला जरा जास्त दे.

आज पोपट बाजारातून आला. पहिल्यांदाच तेल नाय आणलं.

तुझ्यावरचा लोभ पिशवीत मावत नाय, म्हणून इथंच ठेवलाय. येऊन घेऊन जा.

तुझी धडधाकट कमरेची
अंबाआत्या